गणपूर्तीअभावी टीव्ही बंद आहे

आदरणीय मेहुणेबुवा,

तुमच्या वयाला, मानाला आणि मिशीला माझा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण एकदा आडवा झालो की उठवायला सध्या घरात कोणी नाही.) वहिनींनाही नमस्कार सांगा. मी खुशाल आहे, असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

आता सर्वांत आधी तुमच्या गुडघ्याची चौकशी. तुमचा गुडघा फार दुखतो, वहिनींना एकटीला सगळं आवरत नाही, असं सांगून तुमची धाकटी बहीण इथून निघाली. दुसऱ्या दिवशी मी काळजीने फोन केला, तर तुम्ही म्हणालात, "कुठला गुडघा?" मग मागे काहीतरी कुजबूज झाली आणि तुम्ही एकदम कण्हायला लागलात. मेहुणेबुवा, कटात सामील व्हायचं तर आधी कट नीट समजून घ्यावा. गुडघा डावा की उजवा, ते दोघा भावंडांनी बसून एकदा ठरवा आणि मला कळवा, म्हणजे मला त्या बाजूची काळजी करत जाता येईल. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा फोन केला, तेव्हा तो तिनेच उचलला, "आवाज येत नाहीये" असं अत्यंत स्वच्छ आवाजात सांगितलं आणि ठेवून दिला. म्हणून हा पत्राचा खटाटोप. हे पत्र तुम्ही एकट्याने वाचा आणि वाचून झाल्यावर तिच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा. (अशी जागा तुमच्या घरात असेल तर मलाही कळवा, आमच्या घरात लग्न झाल्यापासून सापडलेली नाही.) तुमच्या बहिणीची खोड तुम्हाला माहीतच आहे. हाती आलेली कुठलीही गोष्ट ती शेवटाकडून वाचते. कादंबरी आणली की आधी शेवटचं पान. ते पटलं, तरच पहिलं. लग्न ठरल्यावर मी तिला पाठवलेली पत्रंसुद्धा ती ताज्या कलमापासून वर वर वाचत गेली, कारण तिच्या मते पुरुष माणूस कामाचं बोलणं नेहमी निघता निघता बोलतो.

आता झालं काय ते सांगतो. तिने तिकडे सांगितलंच असेल, पण तो एका पक्षाचा अहवाल झाला.

नगरपालिकेत मी सभा-लिपिक होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. (तुम्ही लोकांना "आमचे मेहुणे नगरपालिकेत असतात" एवढंच सांगून विषय बदलता, हे मला ठाऊक आहे.) सभा भरली की कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायचं, कोण आलं, कोण आलं नाही, कोणी काय सुचवलं, कोणी अनुमोदन दिलं, काय ठरलं ते लिहून घ्यायचं आणि पुढच्या सभेच्या सुरुवातीला ते सगळ्यांसमोर वाचून कायम करून घ्यायचं. यालाच इतिवृत्त म्हणतात. दिसायला सोपं, पण त्यात एक कसब आहे. एकदा पाणीपुरवठ्याच्या विषयावर एका नगरसेवकाने टेबलावरचा पाण्याचा जग उचलून अध्यक्षांच्या डोक्यावर रिकामा केला. मी लिहिलं, "पाणीपुरवठ्याबाबत सविस्तर चर्चा झाली." अध्यक्षांनी ओल्या बाहीने सही केली आणि पुढे कित्येक दिवस मला स्वतःहून चहा पाजला. अशी सगळी नोकरी केली. खुर्च्या उडाल्या तरी सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.

निवृत्त झालो आणि घरात पायात पायात येऊ लागलो. तुमची बहीण फडताळातले डबे पुसायला काढायची आणि मी मागे उभा राहून ते परत लावायचा क्रम सुचवायचो. (क्रम चांगला होता. मोठे मागे, छोटे पुढे. पण सूचना कोणाची यावरच जिथे मतदान होतं, तिथे काय बोलणार!) शेवटी आमच्या लेकीने तोडगा काढला. ती नोकरीच्या गावी असते, रविवारी व्हिडिओवर भेटते. ती म्हणाली, "बाबा, रोज संध्याकाळी टीव्ही बघताच ना? मग त्यावरच लिहा की काहीतरी. रोज एक पान." कल्पना मला पसंत पडली. टीव्ही सगळं जग बघतं, पण बघणाऱ्याचं कोणी लिहून ठेवत नाही. मी कोरी वही आणली, पेन आणलं आणि पहिल्या संध्याकाळी लेखनाला नाव दिलं, "पडद्यापुढचा माणूस". दुसऱ्या संध्याकाळी ते नाव पट्टी घेऊन अधोरेखित केलं. तिसऱ्या संध्याकाळी पहिलं वाक्य उतरलं, "मानवाला अनादी काळापासून बघण्याची ओढ आहे." ते मी मोठ्याने वाचलं. तुमची बहीण म्हणाली, "हो, आणि अनादी काळापासून भाजी आणायला विसरायचीही." मानवाचा विषय तिथेच संपला.

आम्ही बघतो ती साडेसातची मालिका. तुम्ही त्या वेळी फुटबॉल बघत असता, म्हणून थोडक्यात सांगतो. बिस्किटांच्या कारखान्याचं एक मोठं घराणं आहे. मोठ्या बाई आहेत, त्यांची मुलं-सुना आहेत, एक नर्स आहे जिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि घरचा वकील आहे. हा वकील महत्त्वाचे कागद खिशात घेऊन होडीत बसला आणि तळ्यात पडला. कागदही गेले आणि वकीलही. सगळ्या घराण्याने पांढरे कपडे घातले. तुमच्या बहिणीने मात्र त्याच क्षणी जाहीर केलं, "तो मेलेला नाही. मेला असता तर पाण्यावर तरंगणारी चप्पल दाखवली असती." मी म्हटलं, तो बूट घालायचा. ती म्हणाली, "मग बूट दाखवला असता."

आणखी एक सांगायला हवं. तुमची बहीण मालिका बघत नाही, ऐकते. तिची नजर विणायच्या सुयांवर असते. (सध्या माझा स्वेटर चालू आहे. होता.) त्यामुळे दर थोड्या वेळाने ती विचारते, "आता काय झालं?" मग मी सांगायला लागतो, आणि माझं सांगून होईपर्यंत मला दिसायचं राहून गेलेलं असतं, ते तिने ऐकलेलं असतं, मग ते ती मला सांगते. अशा रीतीने आम्ही दोघं मिळून एक मालिका बघत आलो आहोत. एकट्याने कोणाचीच पुरी झालेली नाही.

तर चौथ्या संध्याकाळी समोर मोठ्या बाईंच्या घरी सगळे दिवाणखान्यात जमले आणि माझा हात आपोआप चालायला लागला. मी लिहून काढलं ते असं. उपस्थित: मोठ्या बाई (अध्यक्षस्थानी), थोरली सून, मधला मुलगा, नर्स (पडद्यामागे). अनुपस्थित: वकील, बुडाल्यामुळे. विषय पहिला: मोठ्या बाईंच्या दुधात औषध मिसळणे. सूचक, थोरली सून. अनुमोदक, मधला मुलगा. नर्सने हरकत घेतली, परंतु ती पडद्यामागून घेतल्यामुळे विचारात घेता आली नाही. ठराव मंजूर. आयत्या वेळचे विषय: दार वाजले. सभा उद्यापर्यंत तहकूब. दुसऱ्या दिवशी मालिकेचं गाणं चालू असताना मी हे रीतसर वाचून दाखवलं. मेहुणेबुवा, तुमची बहीण इतकी हसली की सुईवरून टाके घसरले. नंतर ती स्वतःच विचारायला लागली, "कालचं वाचायचं नाही का?" तो आठवडा आमचा फार चांगला गेला. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढचा मजकूर वाचताना तुम्ही ते विसराल.

पण हाव वाईट. मला वाटलं, इतिवृत्त पुरं असावं. तिकडच्या दिवाणखान्यातलं लिहायचं, तर इकडच्या दिवाणखान्यात काय कमी घडतं? म्हणून मी आमचंही लिहू लागलो. "सदस्यांनी 'आता काय झालं?' हा प्रश्न पुन्हा उपस्थित केला." "जाहिरातींच्या वेळी सदस्यांनी चहाचा विषय मांडला. दुसरे सदस्य जागेवरून न हलल्यामुळे ठरावाची अंमलबजावणीही मांडणाऱ्या सदस्यांनीच केली." हे वाचल्यावर ती हसली, पण थोडी कमी. "सदस्यांना बसल्या जागी डुलकी लागली, जागे केले असता आपण झोपलोच नव्हतो असे त्यांनी निवेदन केले." हे वाचल्यावर ती हसली नाही. म्हणाली, "माझं नका लिहू. टीव्हीचं लिहा." मी लिहिलं, "सदस्यांनी हरकत घेतली. हरकत नोंदवून घेण्यात आली." त्यावर ती म्हणाली, "तुम्हाला टीव्हीचं काही सुचतच नाही. मी नसले तर तुमचं एक पान भरायचं नाही." मला तो माझ्या लेखनशक्तीचा अपमान वाटला. मी पान उलटलं.

मग तो रविवार आला. लेक व्हिडिओवर होती. शेजारचे कॅशियर (बँकेतून निवृत्त, जिथे चहा उकळतो तिथे हजर) सोफ्यावर होते. श्रोते जमले की मला आवरत नाही. मी शनिवारचं इतिवृत्त वाचायला काढलं. शनिवारी काय झालं होतं, तर बिस्किटवाल्यांची धाकटी मुलगी नोकरीसाठी दूर निघाली. बॅग हातात, टॅक्सी दारात. तिच्या आईने काही भाषण केलं नाही, नुसतं म्हणाली, "पोचलीस की कळव." आणि दार लावून घेतलं. मी लिहिलं होतं, आणि ते मी सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात वाचलं: "या प्रसंगी सदस्यांचे डोळे भरून आल्याचे आढळले. कारण विचारता 'कांदा' असे उत्तर मिळाले. तथापि त्या वेळी घरात कांदा चिरण्याचे कोणतेही काम चालू नव्हते. त्यानंतर सदस्यांनी बाहीच्या विणलेल्या ओळी उसवून पुन्हा विणल्या."

कॅशियर खो खो हसले. लेक हसली नाही. फोनच्या चौकटीत ती नुसती आईकडे बघत राहिली. तुमच्या बहिणीने सुया स्वेटरमध्ये खोचल्या, स्वेटरची घडी केली, खुर्चीवर ठेवला. मग, कधी नाही ते, सरळ माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "अध्यक्षाच्या डोक्यावर पाणी ओतलं तेव्हा तुम्हाला बरं झाकता आलं." आणि आत गेली. मालिका अजून सुरूही झाली नव्हती. माझ्या सगळ्या नोकरीत मी शंभर सभात्याग पाहिले, त्यात लोक दारापर्यंत घोषणा देत जातात आणि बाहेर चहा पिऊन परत येतात. ही घोषणा न देता गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा गुडघा दुखायला लागला.

तेव्हापासून इथली परिस्थिती अशी आहे. पहिल्या संध्याकाळी मी साडेसातला बसलो, वही उघडली, उपस्थितीच्या खाली स्वतःचं नाव लिहिलं आणि थांबलो. एका माणसाची सभा होत नाही, मेहुणेबुवा. गणपूर्ती लागते. पुरेशी माणसं नसतील तर अध्यक्ष थोडा वेळ वाट बघतात आणि सभा तहकूब करतात, तशी मी जाहिराती संपेपर्यंत वाट बघितली आणि टीव्ही बंद केला. दुसऱ्या संध्याकाळी गणपूर्तीसाठी कॅशियरांना बोलावलं. ते गाणं संपायच्या आत घोरू लागले. चहाच्या वेळी मात्र बरोबर जागे झाले. चहा मी केला. (बिनसाखरेचा. डब्यांचा क्रम सुचवणाऱ्या मला साखरेचा डबाच सापडेना.) पण खरं दुःख ते नव्हे. सबंध अर्ध्या तासात त्या माणसाने एकदाही "आता काय झालं?" विचारलं नाही. शेवटी न राहवून मीच सांगितलं की नर्सला खोलीत कोंडलंय. तर म्हणाले, "कोंडलं असेल." अशा माणसाबरोबर मालिका बघता येत नाही. नोटा मोजता येतील.

लेकीचा फोन आला. मला वाटलं, रागावेल. रागावली नाही. तिने एवढंच विचारलं, "आई खरंच रडली होती?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मला तर म्हणाली होती, तू गेल्यापासून घर कसं सुटसुटीत झालंय, कपाट मोकळं झालंय." म्हणजे पाहा, तुमच्या बहिणीनेही एक इतिवृत्त लिहून ठेवलं होतं, माझ्यापेक्षा बरंच चांगलं, आणि लेकीकडून ते कायमही करून घेतलं होतं. ते मी एका वाक्यात रद्द करून टाकलं. जिथे सगळं लिहायला हवं होतं तिथे आयुष्यभर झाकलं, आणि जिथे झाकायला हवं होतं तिथे मोत्यासारख्या अक्षरात लिहून मोठ्याने वाचलं.

आणि आता या सोमवारचं, म्हणजे ती गेल्याला आठवडा झाला त्या दिवसाचं. सोमवारी वकिलाच्या प्रकरणाचा निकाल लागला. काय लागला ते मी इथे लिहीत नाही, कारण तुम्ही हे पत्र कितीही जपून ठेवलंत तरी ते कोण वाचणार आहे हे मला माहीत आहे. पण निकाल लागला तेव्हा मी खुर्चीतून अर्धा उठलो आणि सांगायला उजवीकडे वळलो. उजवीकडे खुर्चीवर घडी केलेला स्वेटर, एक बाही झालेली, एक व्हायची. त्याला सांगितलं. वहीचं पान समोर उघडं होतं, त्यावर तारखेपलीकडे काही नव्हतं, आणि टीव्हीवर तर त्या दिवशी इतकं घडलं होतं की चार पानं भरावीत. मेहुणेबुवा, मला तिची फार आठवण येते. हे वाक्य इतिवृत्तात कुठल्याच विषयाखाली बसेना, म्हणून तुम्हाला लिहिलं.

बाकी इकडे सर्व खेळीमेळीच्या वातावरणात चालू आहे. वहिनींना पुन्हा नमस्कार, गुडघ्याला (जो ठरेल त्याला) आराम पडो.

तुमचा नम्र,
सभा-लिपिक (निवृत्त)

ता. क. इकडे थंडी पडायला लागली आहे. स्वेटर घातला तर एक हात उबेला आणि एक बाहेर, अशी स्थिती आहे. स्वेटर तिकडे पार्सलने पाठवू का, असा विचार मनात आला होता. पण मग नुसती बाही पुरी होऊन परत येईल, म्हणून पाठवत नाही. तिला सहज बोलता बोलता थंडीचं सांगावं. मी सांगायला सांगितलं असं सांगू नये.

आणखी एक ता. क. पत्र लिहायचं खरं कारण हे. संध्याकाळी तुम्ही फुटबॉल लावून बसता, तेव्हा ती शेजारी बसून अधूनमधून "आता काय झालं?" असं विचारत असेल. तुम्ही उत्तर देत नसाल, तुमचा स्वभाव मला माहीत आहे. देत जा. तिला चेंडूशी काही देणंघेणं नसतं. आपण बोललो तर कोणी ऐकतंय ना, एवढंच तिला बघायचं असतं. आणि सोमवारचा भाग रविवारी दुपारी परत दाखवतात, तेव्हा टीव्हीची पिन काढून ठेवा, गुडघ्याची शपथ.

शेवटचं ता. क., आणि हे मेहुणेबुवांसाठी नाही. तू वाचायला इथूनच सुरुवात केली असशील. वकिलाचं काय झालं ते शेवटी असेल म्हणून आधी हाच कागद ओढलास ना? नाही लिहिलेलं. वर कुठेही नाही, चष्मा लावून शोध हवं तर. इतिवृत्ताचं पान फाडता येत नाही, म्हणून त्या शनिवारचं मी खोडून दुरुस्त केलं आहे. आता तिथे एवढंच आहे: "मुलगी नोकरीला गेली. सविस्तर चर्चा झाली." तुझी सही व्हायची आहे. जाहिरातींच्या वेळी चहाचा ठराव यापुढे मी अमलात आणीन, फक्त साखरेचा डबा कुठे आहे ते कळव. आणि हो, तू म्हणाली होतीस तेच खरं निघालं. कशाबद्दल, ते घरी आलीस की सांगतो.